मिरगीचा माग

अंजनगाव सुर्जी म्हटले की ३० डिसेंबर १८०३ चा, शिंदे आणि इंग्रजांमधला तह आठवतो. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी इंग्रजांच्या लष्करी दवाखान्यात हिंदुस्थानशी निगडित आणखी एक नोंद झाली. तिचा संबंध आपल्या घरांशी तहापेक्षा जवळचा आहे.

हिंदुस्थानातून मायदेशी परतलेल्या गोऱ्या सैनिकांना मिरगी येऊ लागली होती. १९३० च्या दशकात लष्करी डॉक्टर विल्यम मॅकआर्थर यांनी तिचे कारण दाखवले : मेंदूत डुकराच्या पट्टकृमीच्या अळ्यांच्या गाठी. पुढे डिक्सन आणि लिप्सकोम्ब यांनी अशा ४५० रुग्णांचा अभ्यास १९६१ साली प्रसिद्ध केला. लागण आणि पहिला झटका यांत बहुधा काही वर्षे गेलेली होती.

मग दोष कच्च्या मांसाचा? तो अर्धाच. १८५५ साली जर्मन डॉक्टर क्युकेनमायस्टर यांनी फाशीच्या कैद्याला नकळत अळ्या खाऊ घातल्या. मरणोत्तर तपासणीत त्याच्या आतड्यात पट्टकृमी मिळाले. म्हणजे अर्धकच्च्या मांसातून पोटात जंत होतो. मेंदूत गाठ होते ती जंताची अंडी पोटात गेल्याने, आणि ही अंडी जंत झालेल्या माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीवर, हातांवर येतात. एकाने मांस खाल्ले तरी झटका दुसऱ्याला येऊ शकतो. डुकराचे मांस वर्ज्य असणाऱ्या न्यूयॉर्कच्या सनातनी ज्यू कुटुंबांतही हा आजार आढळल्याचे १९९२ साली प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे १९८० च्या दशकात सीटी स्कॅन आले. मिरगीच्या रुग्णांच्या मेंदूत दिसणारी एकुलती लहान गाठ क्षयाची समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील चांडी आणि राजशेखर यांनी अशा गाठी काढून तपासल्या. त्यांतल्या बहुतेक या अळीच्याच निघाल्या.

तरीही "आमच्या घरात अंडेही शिजत नाही, मग हे कुठून आले?" असे म्हणत माणसे देवऋषी गाठतात, कांदा नाहीतर जोडा हुंगवतात. मुलीची मिरगी तर लपवलीच जाते. हिंदू विवाह कायद्यातली मिरगीची आडकाठी १९९९ साली निघाली. मनातली अजून निघायची आहे.

मेथीचा घोळाणा आपण कच्चाच खातो, आणि खावाही. मात्र पाला स्वच्छ पाण्यात नीट धुवावा, हात साबणाने धुवावेत, संडास वापरावा आणि मांस पूर्ण शिजवावे. झटका आला तर जोडा शोधण्याआधी दवाखाना शोधावा.