फिल्टर अडकले? आधी बोटांचा जोर कमी करा

छायाचित्रणाच्या छंदात कॅमेऱ्याच्या भिंगापुढे एकावर एक दोन फिल्टर चढवण्याची वेळ वारंवार येते. भिंगावर ओरखडा पडू नये म्हणून कायमचा बसवलेला यूव्ही फिल्टर आणि त्यावर आकाशाची निळाई गडद करण्यासाठी किंवा पाण्यावरची चकाकी घालवण्यासाठी लावलेला पोलरायझर, ही त्यातली नेहमीची जोडी. ती चढते सहज, उतरताना मात्र अडून बसते. संध्याकाळी ही अडचण विशेष जाणवते, कारण पोलरायझर भिंगात येणाऱ्या प्रकाशाचा निम्म्याहून अधिक भाग अडवतो. वाइड अँगल भिंगावर तर दोन कड्यांची जाडी चित्राच्या कोपऱ्यांत काळी सावली होऊन उतरते. मग झटापट सुरू होते आणि तिच्यात फिल्टरपेक्षा कितीतरी महाग असलेले भिंग पणाला लागते.

फिल्टर अडकण्याचे कारण त्याच्या बारीक आट्यांत आहे. प्रचलित आकारांपैकी बहुतेक फिल्टरांचे आटे ०.७५ मिलिमीटर अंतराचे असतात. म्हणजे कडी पूर्ण एक फेरा फिरली की जेमतेम पाऊण मिलिमीटर पुढे सरकते. इतक्या बारीक आट्यांमुळे हाताचा थोडासा पीळही दोन कड्यांना एकमेकींवर मोठ्या ताकदीने आवळतो. त्यातून बहुतेक कड्या अॅल्युमिनियमच्या. हा धातू अॅल्युमिनियमवरच घासला की धरून बसतो. समुद्रकिनाऱ्यावरील वाळूचा एखादा कण किंवा खाऱ्या हवेचा थर आट्यांत शिरला तर विचारायलाच नको. बी प्लस डब्ल्यू आणि हेलिओपान या जर्मन कंपन्यांनी पितळी कड्यांचे फिल्टर काढले, त्यांची ख्याती याही कारणाने झाली. पितळ अॅल्युमिनियमच्या मानाने कमी धरते.

तथापि, अडकलेल्या फिल्टरांपैकी पुष्कळसे खऱ्या अर्थाने अडकलेले नसतातच. माणूस अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कडी पकडतो आणि निघत नाही म्हणून अधिक जोराने दाबतो. कडी पातळ असल्याने दोन बाजूंच्या या दाबाने ती किंचित लंबगोल होते आणि आटे दोन ठिकाणी एकमेकांत रुतून बसतात. दाब जितका अधिक, तितकी पकड घट्ट. पक्कड वापरणारे तर ही चूक लोखंडी हाताने करतात. त्यांच्या हाती बहुधा वाकलेली कडीच उरते. जोर लागतो तो कडीच्या संपूर्ण परिघावर, सारखा आणि हलका. पुढचे सर्व उपाय या एकाच तत्त्वावर उभे आहेत.

सर्वांत सोपा उपाय रुंद रबर बँडचा. अडकलेल्या प्रत्येक कडीवर एकेक रबर बँड ताणून बसवावा, दोन्ही हातांच्या सर्व बोटांनी कड्या सैलसर धराव्यात आणि समोरची कडी, काच आपल्याकडे असताना, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावी. घाबरलेला माणूस पुष्कळदा नेमका उलट्या दिशेने फिरवतो, म्हणून दिशा आधी ठरवलेली बरी. फिल्टर भिंगावरच अडकला असेल तर माऊस पॅड पालथा घालून किंवा रबरी चपलेचा स्वच्छ तळवा घेऊन त्यावर फिल्टरची कड टेकवावी आणि भिंग हलक्या दाबाने फिरवावे. येथे पकड बोटांची नसून रबराची असल्याने कडी लंबगोल होण्याचा प्रश्नच उरत नाही. भिंग धरताना मात्र झूमची किंवा फोकसची कडी धरू नये. सारा पीळ आतील नाजूक यंत्रणेवर जातो. शक्य तितके पुढचे टोक धरावे.

पोलरायझरची गोष्ट निराळी. त्याला दोन कड्या असतात आणि पुढची कडी मुद्दाम मोकळी फिरणारी केलेली असते. ती धरून कितीही फिरवले तरी फिल्टर सुटत नाही, आणि माऊस पॅडची युक्तीही तेथे चालत नाही. धरायची ती मागची, अरुंद कडी. बोटांना ती सापडत नाही, आणि येथेच फिल्टर काढण्याचा प्लास्टिकचा पाना कामी येतो. हा पाना जोडीने मिळतो, कारण भिंगावरून उतरवलेले दोन फिल्टर एकमेकांत अडकले असतील तर दोन्ही कड्यांना स्वतंत्र पकड लागते. पाना नसेल तर बुटाची नाडी कडीभोवती दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळून तिचे टोक ओढावे.

फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. दोन्ही कड्या एकाच धातूच्या असतील तर त्या सारख्याच आक्रसतात आणि हाती फारसे काही लागत नाही. बरणीचे झाकण गरम पाण्याने सुटते, कारण धातूचे झाकण काचेपेक्षा अधिक प्रसरण पावते. फिल्टरमध्ये तो फरक नसतो. शिवाय फ्रीजमधून काढलेल्या भिंगावर बाष्प जमते, आणि कोकणात वा मुंबईच्या पावसाळी हवेत ओल म्हणजे बुरशीला आमंत्रण. तेलाचा थेंबही सोडू नये. तो आट्यांतून झिरपून काचेवर आणि पुढे भिंगाच्या पात्यांवर पोहोचतो.

भिंग पडून कडीलाच पोचा आला असेल तर हे सारे उपाय व्यर्थ. अशी कडी कापून आत वळवावी लागते आणि करवतीखाली भिंगाची पुढची काच असते, त्यामुळे हे काम दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडेच द्यावे. मुंबईत फोर्टमधील बोरा बाजार परिसर कॅमेऱ्याच्या दुकानांसाठी परिचित आहे.

हा प्रसंग टाळायचा तर फिल्टर बसवताना कडी टेकताच थांबावे आणि पाव फेरा मागे न्यावा, आटे मऊ ब्रशने अधूनमधून झाडावेत. काही जण आट्यांवर मऊ पेन्सिलचे शिसे फिरवतात. ते कोरडे वंगण ठरते, मात्र त्याची भुकटी काचेवर पडू देऊ नये. अलीकडे चुंबकाने चिकटणारे फिल्टर मिळू लागले असून ते क्षणात लागतात व निघतात. त्यांची भिंगावर बसवायची मूळ कडी मात्र आट्यांचीच असते.