खुशाल, खुशी आणि राजीखुशी

सुखासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. सुख, आनंद, हर्ष, संतोष, समाधान ही सगळी संस्कृत कुळातली मंडळी. त्यांच्यावर तत्त्वज्ञांनी आणि संतांनी भरपूर लिहून ठेवले आहे. मला मात्र बरीच वर्षे एका उनाड शब्दाने नादी लावले आहे. तो शब्द 'खुशाल'.

मूळ फारसी 'खुशहाल'. खुश म्हणजे चांगला, आनंदी. हाल म्हणजे स्थिती, हा अरबीतून फारसीत आलेला. सुलतानी अमलात दफ्तराची भाषा फारसी झाली, तेव्हा असे शेकडो शब्द मराठीत उतरले. 'खुशहाल'मधला 'ह' वाटेत गळाला. संस्कृत 'कुशल'शी त्याचे नाते नाही, पण पत्राच्या मायन्याजवळ दोघे शेजारी येऊन बसले आणि उच्चार जवळचे असल्याने पुष्कळांना ते सख्खे भाऊ वाटतात. 'आम्ही सर्व खुशाल आहोत, आपली खुशाली कळवावी' हे वाक्य माझ्या पिढीने शाळेतच घोटले.

नागपुरात बसून हा शब्द तपासण्यात एक सोय आहे. हे शहर १७०२ मध्ये वसवले ते गोंड राजा बख्त बुलंद शाहने. त्याच्या नावाचा अर्थच 'थोर भाग्याचा'. पुढे भोसल्यांची मराठी कारकीर्द आली, १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले, १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झाले आणि १९५६ पर्यंत हिंदी व मराठी मुलखाचा कारभार इथूनच चालला. त्यामुळे नागपूरकराच्या कानाला दोन्ही भाषांतली एकाच मुळाची रूपे रोज ऐकू येतात. हिंदीत 'खुशहाल' म्हणजे संपन्न, भरल्या घरचा. मराठीत 'तो खुशाल झोपला' म्हटले की त्याच्या संपन्नतेचा प्रश्नच येत नाही. बोलणारा वैतागलेला आहे एवढे कळते. 'खुशाल खोटे बोलतो' यात तर निव्वळ निर्लज्जपणा. सुखात असलेला, म्हणून निर्धास्त. निर्धास्त, म्हणून बेदरकार, अशी ती घसरण असावी. 'खुशाल जा' म्हणणारा माणूस परवानगीही देतो आणि जाणाऱ्याची काळजीही झटकून टाकतो. 'हाल'चे तर आणखी वाईट झाले. हिंदीत कोणी 'क्या हाल है' विचारले तर ती चौकशी. मराठीत 'हाल' म्हणजे यातनाच. नुसत्या 'स्थिती'चा अर्थ आपण दुःख केला, यावर कोणी तरी सवडीने लिहायला हवे.

माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला आणि नंतर तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. पण 'खुशाल जा'च्या जागी 'सानंद जा' म्हणून पाहा. माणूस दारातून परत येईल आणि विचारेल, बरे आहे ना?

धाकटी बहीण 'खुशी' हिचा संसार वेगळा. 'त्याची खुशी', 'आपखुशीने गेला' यांत आनंद कमी, मर्जी जास्त. 'साहेब त्याच्यावर खूश आहेत' या वाक्यात खूश होण्याचा मान वरच्याकडेच असतो; शिपाई साहेबांवर खूश आहे असे कोणी सहसा म्हणत नाही. 'राजी' हाही मूळचा प्रसन्न, संतुष्ट. त्याला 'नामा' जोडून संमतीचा लेख झाला. मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा राजीनामा देई आणि घेणारा कबुलायत लिहून देई. आज राजीनामा देणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रसन्नता शोधणे व्यर्थ.

या दोघांची जोडी 'राजीखुशी' दस्तांत अजून नांदते. १८७२ च्या करार कायद्यात मुक्त संमतीची व्याख्या आहे. जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, फसवणूक, दिशाभूल किंवा चूक यांमुळे दिलेली संमती मुक्त नव्हे, इतकेच तो सांगतो. तिथे आनंदाची अट नाही. ती आपल्या दस्तांच्या मराठीने घातली, जुन्या फारसी वळणाने.

आमच्या घरच्या कागदांत १९६३ चे एक हक्कसोडपत्र आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतंत्र मिळकतीत मुलाबरोबरीचा वाटा मिळाला होता. माझ्या आत्याने तो भावांच्या नावे सोडला, 'राजीखुशीने व स्वसंतोषाने'. खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. ती नव्वदीच्या घरात असताना मी तिला त्याबद्दल विचारले. ती म्हणाली, "अंगठा नसता देल्ला त माहेर तुटलं असतं न बापा. मंग दिवाळीले कोनाकडं गेली असती मी?" दिवाळीची ओवाळणी आणि घराचा तिसरा हिस्सा यांतली निवड तिने केली होती आणि तिला ती पुरती समजली होती. तिच्यावर कोणी हात उगारला नव्हता, कोणी फसवले नव्हते. कायद्याच्या यादीतले एकही कलम तिला लागू पडत नाही.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतही हक्क दिला. त्यानंतर केलेली काही हक्कसोडपत्रे ओळखीच्या एका दस्तलेखकाने मला दाखवली. आता मजकूर संगणकावर असतो. नाव, वय, मिळकतीचे वर्णन आणि चतुःसीमा तेवढ्या बदलायच्या. 'राजीखुशीने' हा शब्द कायमच्या मजकुरात आहे, त्याला हात लावावा लागत नाही.