क्लॅरिनेटचे पॅड

क्लॅरिनेटच्या कळेच्या टोकाशी असलेल्या वाटीत बसवलेली, स्वररंध्र हवाबंद करणारी छोटी गोल गादी. जी भोके बोटांखाली येतात ती बोटाच्या मऊ पेरानेच बंद होतात; बोट पोहोचत नाही तिथे कळ पोहोचते आणि पेराचे काम पॅड करते. आज सर्वाधिक वापरात असलेल्या, १७ कळा व ६ कड्या असणाऱ्या बोम पद्धतीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटला साधारणतः १७ पॅड लागतात. सर्वांत लहान पॅडचा व्यास ९–१० मिमी., तर सर्वांत मोठ्याचा १७ मिमी.च्या आसपास असतो.

न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनरने १७०० च्या सुमारास घडवलेल्या आद्य क्लॅरिनेटला दोनच कळा होत्या आणि त्यांखाली चामड्याचा सपाट तुकडा असे. असा तुकडा भोकावर नीट बसत नाही, कडेने हवा निसटते. त्यामुळे प्रत्येक नवी कळ म्हणजे गळतीची एक नवी जागा ठरे, आणि पुढची शंभर वर्षे कारागीर कळा वाढवताना हात आखडता घेत राहिले. वादक इव्हान म्यूलरने लोकर भरलेले फुगीर पॅड वापरले व भोकांच्या कडांना त्यांना साजेसा आकार दिला. तेव्हाच १३ कळांचे वाद्य शक्य झाले. पॅरिसच्या संगीत विद्यालयाने नेमलेल्या समितीने १८१२ मध्ये ते नाकारले. वादकांनी मात्र ते उचलून धरले. वादक क्लोझे आणि कारागीर बुफे यांनी १८३९ मध्ये मांडलेले व १८४४ मध्ये पेटंट घेतलेले आजचे बोम पद्धतीचे वाद्य याच मऊ पॅडच्या भरवशावर उभे आहे.

नेहमीच्या पॅडमध्ये खाली जाड पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर लोकरीच्या नमद्याची चकती आणि दोन्हींवर ताणून मागे चिकटवलेला पातळ पापुद्रा असे तीन भाग असतात. इंग्रजी व्यवहारात या पापुद्र्याला माशाची कातडी म्हणतात, पण माशाचा त्याच्याशी संबंध नाही. तो गुरांच्या आतड्याचा पापुद्रा असतो. सोन्याचांदीचा वरख ठोकताना पानांच्या मध्ये ठेवत तो हाच. ज्या वादकाला तो नको असेल त्याच्यासाठी बुचाचे आणि कृत्रिम पर्याय आहेत.

नवे पॅड घेताना ते प्रथम उजेडात तिरके धरून पाहावे. वरचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट हवा. एक सुरकुती म्हणजे हवेला एक वाट. पापुद्रा दुहेरी असावा, कारण एकेरी लवकर फाटतो. पापुद्रा फाटलेला पॅड बाहेरून बरा दिसतो, पण वाजवताना बारीक फुसफुस करतो. नमदा बोटाने दाबून पाहावा: तो सगळीकडे सारखा घट्ट लागला पाहिजे. भुसभुशीत नमदा सुरुवातीला कुठेही बसतो म्हणून कारागिराला सोपा वाटतो, पण काही महिन्यांत भोकाच्या कडेचा खोल वळ त्यावर पडतो आणि कळ चिकटू लागते. स्वस्त संचांतला हाच मुख्य दोष असतो.

चामड्याचे पॅड आवाज न करता बसतात, पण पाणी पितात आणि जड असतात. बास क्लॅरिनेटच्या मोठ्या कळांना ते शोभतात. बुचाचे पॅड भिजत नाहीत, कडेला चोख बसतात, मात्र त्यांत लवचीकपणा नसल्याने वाटी जराही तिरकी असली तर ते चूक पोटात घालत नाहीत. म्हणून अनेक कारागीर फक्त वाद्याच्या वरच्या जोडाच्या (भागाच्या) लहान भोकांवर, विशेषतः लाळेचे पाणी साचते तिथे आणि स्वरपट्टी बदलणाऱ्या (रजिस्टर) कळेवर बूच लावतात आणि खाली पापुद्र्याचे पॅड ठेवतात. हा मिश्र मार्ग सर्वांत शहाणपणाचा म्हणावा लागेल. गोअर-टेक्सचे आवरण असलेले पॅड पाण्याने फुगत नाहीत व पुष्कळ टिकतात. किंमतही त्या मानाने असते.

तरीही पॅडच्या प्रतीपेक्षा माप अधिक महत्त्वाचे. व्यास मोजायचा तो वाटीचा, आतल्या बाजूने, भोकाचा नव्हे. जुन्या पॅडवरून माप घेणेही धोक्याचे, कारण मागच्या कारागिराने हाताशी होता तोच कोंबलेला असू शकतो. जाडीचा प्रश्न अधिक नाजूक. पॅड जास्त जाड असला तर तो आधी बिजागरीकडच्या कडेला टेकतो आणि पुढे फट राहते. पातळ असला तर पुढे टेकतो आणि मागे फट राहते. खालच्या जोडात तर करंगळीची एक कळ दोन पॅड एकाच वेळी बंद करते. त्यांतला एक दुसऱ्याहून केसभर जाड झाला की दुसरा कधीच पूर्ण मिटत नाही. अशा वेळी वादक ओठ आवळतो, जोराने फुंकतो आणि दोष रीडला देतो.

पॅड वाटीत लाखेने किंवा गरम करून वितळवायच्या गोंदाने बसवतात. गोंद तळभर पसरलेला हवा, मध्यभागी एक थेंब नव्हे. तापवताना आत कोंडलेली हवा पापुद्रा फुगवते, म्हणून काही कारागीर पॅडच्या कडेला सुईने बारीक छिद्र पाडतात. कळ वाद्यावरून काढून मगच वाटी तापवावी. नाहीतर प्लॅस्टिकचे अंग वितळते आणि लाकडाचेही भले होत नाही. मग सिगारेटच्या कागदाची अरुंद पट्टी पॅडखाली चारी बाजूंनी आळीपाळीने धरून कळ हलकेच मिटवतात व पट्टी ओढतात. चारी ठिकाणी सारखी ओढ लागली तर पॅड बसला. शेवटी जोडाचे खालचे तोंड तळव्याने झाकून, सारी भोके व कळा बंद करून वरून हवा ओढतात. पोकळी काही क्षण टिकली पाहिजे.

कोकणातल्या व मुंबईच्या पावसाळ्यात पापुद्र्याचे पॅड ओलावा धरून चिकटू लागतात. त्यावर पावडर टाकणे हा सर्रास होणारा पण घातक उपाय आहे. पावडर ओलाव्यात मिसळून थर धरते. कोरडा कागद पॅडखाली मिटवून काढणे पुरते. पेटीत बरेच दिवस बंद राहिलेल्या वाद्याच्या नमद्याला कसर लागते आणि पापुद्र्याला भोके पडतात. एका पॅडला कसर दिसली तर बाकीचेही बदलून पेटीही साफ करावी. लग्नाच्या बँडमध्ये दिसणारी क्लॅरिनेटे अनेकदा जुन्या, कमी कळांच्या आल्बर्ट पद्धतीची असतात. बोम पद्धतीसाठी तयार मिळणारा १७ पॅडचा संच त्यांना लागत नाही. प्रत्येक वाटी कॅलिपरने मोजून सुटे पॅड घ्यावे लागतात.