दोन पाने आणि सोळा जागा

१६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीय मतदारांपुढे दोन चिन्हे होती. महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी फूल, संघप्रदेश म्हणून वेगळे राहण्यासाठी दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी फेटाळले गेले.

दहा आठवड्यांनी, २८ मार्चला, विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने तीसपैकी १६ जागा जिंकल्या, युनायटेड गोअन्सने १२. जनमत कौलासाठी राजीनामा दिलेले भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

मतदारांनी आपलाच कौल फिरवला का? तसे म्हणता येत नाही. कौलात सगळ्या प्रदेशाची मते एकत्र मोजली गेली. विधानसभेत प्रत्येक मतदारसंघाचा हिशेब वेगळा. तिथे मगोला निम्म्याहून कमी मतांवर बहुमत मिळाले.

पण केवळ गणिताने हे उलगडत नाही. मगोची मुळे बहुजन समाजात होती. गावात भाटकार आणि कूळ यांचे नाते कसे असावे, हा तिथला रोजचा प्रश्न होता. १९६४चा कूळ कायदा बांदोडकरांच्याच कारकिर्दीतला. जानेवारीत प्रश्न गोव्याच्या अस्तित्वाचा होता, मार्चमध्ये गोव्यात राज्य कोणाचे, याचा.

आपल्याकडे या इतिहासातले एकच पान वाचून गोवा मराठीला दुरावला, असे म्हणण्याची सवय आहे. दुसरे पान सांगते, की महाराष्ट्रात यायला नकार देणाऱ्या गोव्याने महाराष्ट्रवादी म्हणवणाऱ्या पक्षाच्या हाती सत्ता ठेवली.