चौदा कॅरेटचा हिवाळा

नोव्हेंबर 1962. तुम्ही गिरगावातल्या एका चाळीच्या चौकात उभे आहात. चीनशी चाललेल्या युद्धात बोमदिला पडल्याची बातमी रेडिओवर नुकतीच होऊन गेली आहे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री व्हायला दिल्लीला निघणार, हीच चर्चा जिन्याजिन्यावर. टेबल मांडून राष्ट्रीय संरक्षण निधी गोळा होतोय. तुमच्या पुढची बाई पाटली काढू पाहते, ती निघत नाही. कुणीतरी साबण आणून देतं. पाटली तबकात पडते आणि बाई पावती न घेताच वळते.

तिच्याकडे नीट बघा. पुढे जे घडणार आहे, ते असं देणाऱ्या माणसांच्या देशात घडणार आहे.

बँकेत चला. तिथे साडेसहा टक्क्यांचे, पंधरा वर्षांचे सुवर्णरोखे मिळताहेत. सोनं द्या, रोखा घ्या. पण सरकार भाव धरतंय आंतरराष्ट्रीय: दहा ग्रॅमला 53 रुपये 58 पैसे. झवेरी बाजारात तेच सोनं दुपटीहून महाग आहे. चौकातली बाई हिशेब करत नाही, बाकीचा देश करतो. रोख्यांत सोनं जमतं जेमतेम 16 टन.

अर्थमंत्री मोरारजी देसाईंची अडचण खरी आहे. शस्त्रं बाहेरून आणायची तर परकीय चलन हवं, आणि चोरट्या मार्गानं येणाऱ्या सोन्यापायी तेच चलन देशाबाहेर झिरपतंय. मागणी तोडली की गळती थांबेल, असं त्यांना मनापासून वाटतं.

म्हणून आता जानेवारी 1963. झवेरी बाजारातल्या एका माडीवर चढा. कारागीर ओळीनं बसलेत, पण फुंकणीचा आवाज नाही. भारत संरक्षण नियमांखाली हुकूम निघालाय: नवा दागिना 14 कॅरेटच्या वर घडवायचा नाही. चोवीस भागांत चौदाच भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. हातात घेऊन बघा, रंग तांबूस, धातू कडक. बावीस कॅरेटच्या मऊपणावर ज्याचा हात बसलाय, त्यानं यातून बोरमाळेचा मणी कसा काढायचा? आणि काढला तरी मुलीच्या लग्नात तो घालणार कोण? गिऱ्हाईक जिना चढतच नाही. गावोगावचे सोनार बेकार होतात. काहींनी जीव दिल्याच्या बातम्या तुम्ही याच वर्षी वर्तमानपत्रांत वाचाल. त्यांच्यापैकी कुणी देशाशी वैर केलं नव्हतं, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

28 फेब्रुवारी, संध्याकाळचे पाच. लोकसभेत अर्थसंकल्प. संरक्षणाला 867 कोटी, सक्तीची बचत ठेव, आणि कंपन्यांच्या जादा नफ्यावर नवा कर. दुसऱ्या दिवशी दलाल स्ट्रीटवर फार वेळ थांबू नका. तिथली माणसं पडलेल्या भावातून सावरतील. जादा नफ्यावरचा कर पुढच्याच वर्षी मागे घेतला जाईल. लोकांची बचत शेअरकडे वळावी म्हणून 1964 साली याच शहरात युनिट ट्रस्ट उभा राहील. भांडवलाचं गाऱ्हाणं दिल्लीला लवकर ऐकू गेलं.

सोनाराचं उशिरा. 14 कॅरेटची अट 1966 साली गेली, पण नियंत्रण राहिलं आणि 1968 मध्ये त्याचा रीतसर कायदाही झाला. तस्करी मात्र थांबली नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर ती फोफावली. संरक्षणाचा पैसा करांतून आणि कर्जांतूनच उभा राहिला. सोन्यावरची ही सक्ती चूक होती, आणि तिची किंमत ज्यांच्याकडे सर्वांत कमी होतं त्यांनी मोजली.

आता मार्च 1990, पुन्हा लोकसभा. राजापूरचे खासदार, अर्थमंत्री मधू दंडवते सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याची घोषणा करताहेत. एका हुकमानं लागू झालेलं नियंत्रण उठायला 27 वर्षं लागली.