वाळ्याच्या ताट्या

एप्रिल उजाडला की आमच्या नागपुरात कूलरच्या ताट्या बदलायची धांदल सुरू होते. या ताट्यांचं मूळ शोधत गेले आणि पोहोचले थेट अकबराच्या दरबारात! अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'त वाळा भरलेल्या बांबूच्या गार खोल्यांचा उल्लेख आहे आणि श्रेय अर्थातच बादशहाला. (दरबारी इतिहासकार आणखी कुणाला देणार म्हणा!)

युक्ती साधी. ओल्या मुळ्यांतून कोरडा वारा आत येताना पाण्याची वाफ होते, आणि लिटरभर पाणी त्यासाठी सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता ओढून घेतं. म्हणून विदर्भात गारवा मिळतो, मुंबईच्या दमट हवेत नुसता चिकचिकाट.

पण ताटी वाळली की खेळ खलास. पुढे इंग्रज साहेबांच्या बंगल्यांतही हेच. बाहेर भर उन्हात कुणीतरी ताटीवर पाणी मारत राहायचं. छताला टांगलेल्या कापडी पंख्याची दोरी भिंतीतल्या भोकातून व्हरांड्यात जायची, ती ओढणाराही बाहेरच. आत साहेबाची वामकुक्षी! मला हे वाचून ताटीचा सुगंध जरा कमीच वाटू लागलाय.

कोलकात्यात 1899 साली वीजपुरवठा सुरू झाला, मग हळूहळू विजेचे पंखे आले आणि दोरी सुटली.

फॉर्स्टरच्या 1924 सालच्या 'अ पॅसेज टू इंडिया'त न्यायालयात असा एक पंखेवाला आहे. त्याला नाव नाही. खटला संपतो, दालन रिकामं होतं, तरी तो दोरी ओढतच राहतो.