बोन्साय म्हणजे झाडाचा छळ? कुंडीपासून भीमाशंकरच्या राबापर्यंत

आजचा विषय एका कुंडीत मावतो, पण त्याची मुळं लांब गेलीत. विषय आहे बोन्साय.

मराठीत हा शब्द आपण बऱ्याचदा टोमण्यासारखा वापरतो. 'पोराचं पार बोन्साय करून टाकलं' म्हणजे त्याला वाढूच दिलं नाही. माझी आजी आंबेगावची. माझ्या गॅलरीतला कुंडीतला वड बघून ती म्हणाली, "बाळा, वडाला असं कोंडू नये रे." मी दिवसभर कोड लिहिणारा माणूस, झाडांचा तज्ज्ञ नाही. पण आजीचा प्रश्न मला खरा वाटला. झाड लहान ठेवणं म्हणजे छळ आहे का? उत्तर शोधायला इतिहासात जाऊ.

आधी शब्द बघू. जपानीत 'बोन' म्हणजे उथळ भांडं आणि 'साय' म्हणजे लावणं. उथळ भांड्यात लावलेलं झाड, एवढाच अर्थ. यात बुटकी जात वगैरे काही नसतं. बोन्साय केलेल्या उंबराचं बी उद्या जमिनीत रुजलं, तर त्याचा भलामोठा उंबरच होणार.

ही कला जपानच्या आधी चीनमध्ये होती. तिथे तांग राजघराण्यातल्या एका राजपुत्राच्या थडग्यात इ.स. 706 मधली भित्तिचित्रं आहेत. त्यात एक सेवक दगड आणि छोटी झाडं असलेलं तबक घेऊन उभा दिसतो. जपानमध्ये 1309 च्या एका चित्रपटात, म्हणजे गुंडाळी करून ठेवायच्या लांब चित्रात, तबकातली झाडं आहेत. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतो की हे सगळं भारतातल्या 'वामन वृक्ष कले'तून गेलं, वैद्य लोक औषधी झाडं कुंडीत छोटी करून ठेवायचे. ऐकायला छान वाटतं. पण चीनचा पुरावा तारखेसकट भिंतीवर आहे आणि या फॉरवर्डसोबत असा एकही पुरावा येत नाही. अभिमान बाळगायला आपल्याकडे खरा इतिहास आहे, आणि तो जुन्नर-आंबेगावातच आहे.

नाणेघाटापासून भीमाशंकरपर्यंतचा पश्चिम पट्टा डोळ्यांसमोर आणा. मुसळधार पाऊस, उताराची जमीन, भात आणि नाचणीची शेती. इथले महादेव कोळी शेतकरी पिढ्यान् पिढ्या 'राब' करत आले. झाडाच्या फांद्या छाटायच्या, पाला, गवत आणि शेण यांच्यासोबत रोपाच्या जागेवर थर लावायचा, आणि पावसाआधी जाळायचा. त्याने तणाचं बी मरतं, राख जमिनीत मिसळते आणि पहिल्या पावसावर रोप जोमाने येतं.

आता मुद्दा लक्षात घ्या. राबासाठी फांद्या घेतात, झाड मुळापासून तोडत नाहीत. ते पुन्हा फुटतं आणि काही काळाने पुन्हा छाटतात. म्हणून खोड जाड आणि वर कोवळ्या फांद्यांचा झुपका, अशी झाडं तयार होतात. बोन्सायमागचं विज्ञान हेच आहे. शेंडा खुडला की बाजूचे झोपलेले डोळे जागे होतात.

पण ब्रिटिश वनखात्याच्या नजरेला तीच झाडं वाया गेलेलं लाकूड वाटत होती. जहाजांना आणि रेल्वेला सरळसोट खोडं हवी होती. गंमत म्हणजे या खात्याच्या सुरुवातीचा एक धागा जुन्नरलाच येतो. अलेक्झांडर गिब्सन नावाचे स्कॉटिश डॉक्टर 1838 पासून पुण्याजवळ दापोडीची सरकारी बाग बघत होते. तिची एक शाखा जुन्नर भागात हिवरे इथे होती आणि तिथे औषधी वनस्पती वाढवत. हेच गिब्सन 1847 मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जंगलतोड आणि आटणारं पाणी यांचा संबंध सरकारपुढे मांडणाऱ्या सुरुवातीच्या अधिकाऱ्यांपैकी ते एक होते. म्हणजे त्यांची काळजी खोटी नव्हती. पण पुढे 1878 चा वन कायदा आला आणि फांदी कोणी तोडायची हे सरकार ठरवू लागलं. राबाचा प्रश्न इतका पेटला की शेजारच्या ठाणे-कुलाबा भागासाठी 1885 मध्ये सरकारला आयोग नेमावा लागला.

म्हणजे भांडण झाड केवढं असावं यावर नव्हतंच. ते कोणासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली वाढावं, यावर होतं. शेतकऱ्याला ते झाड पुढच्या वर्षीही हवं होतं, म्हणून तो बेताने छाटत होता. माझ्या मते छळ आणि सांभाळ यांतला फरक इथेच आहे. छाटणारा माणूस पुढच्या वर्षी परत येणार आहे का?

बोन्सायचा इतिहासही तेच सांगतो. हिरोशिमात यामाकी कुटुंबाकडे 1625 पासून जोपासलेला एक पाइन होता. 6 ऑगस्ट 1945 ला अणुबॉम्ब पडला, तेव्हा तो स्फोटापासून साधारण तीन किलोमीटरवर होता. भिंतीच्या आडोशाने वाचला. 1976 मध्ये कुटुंबाने तो ज्या देशाने बॉम्ब टाकला त्याच अमेरिकेला भेट दिला. तो कुठून वाचून आलाय, हे तिथल्या लोकांना 2001 मध्ये यामाकींचे नातू भेटायला गेले तेव्हा कळलं. छळलेलं झाड चारशे वर्षं जगत नाही, मंडळी. त्याला रोज कोणीतरी पाणी घातलेलं असतं.

आपल्याकडेही हा छंद रुजलाय. 2018 मध्ये पुण्यात प्राजक्ता काळे यांनी 3,333 बोन्साय एकत्र मांडून गिनीज विक्रम केला.

आता तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर या सगळ्यातून निघणाऱ्या चार गोष्टी सांगतो.

एक, झाड इथलं निवडा. ऑनलाइन मिळणारा जुनिपर थंड हवेचा आहे, आपल्या एप्रिलमध्ये तो टिकणं अवघड. वड, पिंपळ, उंबर, चिंच घ्या. शिवनेरीच्या वाटेवर दगडाच्या फटीतला पिंपळ बघितलाय ना? मूठभर मातीत जगायची त्याला सवयच आहे.

दोन, झाड बाहेर ठेवा. टीव्हीशेजारी नाही. सकाळचं ऊन मिळालंच पाहिजे.

तीन, बोट मातीत खुपसून बघा. वरची माती सुकली तरच भरपूर पाणी, उन्हाळ्यात कधी दिवसातून दोनदा. मातीत विटांचे बारीक तुकडे आणि जाड वाळू घाला, म्हणजे पाणी साचत नाही. मुळं छाटून कुंडी बदलायची तर वड-पिंपळाला जूनचा पहिला पाऊस चांगला. तार बांधली असेल तर अधूनमधून बघा. खोडात रुतायच्या आत सोडवा.

चार, आणि हे महत्त्वाचं. भीमाशंकरच्या जंगलातून वाकडंतिकडं जुनं झाड उपटून आणू नका. ते 1985 पासून अभयारण्य आहे आणि 1972 च्या कायद्याने तिथून झाड नेणं गुन्हा आहे. गडावरूनही नको. नर्सरीतलं रोप घ्या, किंवा स्वतःच्या घराच्या भिंतीत उगवलेला पिंपळ हलक्या हाताने काढा. तो तसाही भिंत फोडणार असतो.

आजीला मी एवढंच सांगितलं, की कोंडलंय खरं, पण रोज विचारपूस करतो. ती म्हणाली, "मग गावाला आलास की पाणी कोण घालतं?" प्रश्न एकदम बरोबर आहे. बोन्साय घेण्याआधी तो तुम्हीही स्वतःला विचारा. शेजारी किंवा रूममेट तयार असेल, तरच कुंडी आणा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या, स्वतःची आणि झाडांचीही!